डाव्या पायाची दुमड

समोरून माणूस नुसता चालत गेला, तरी त्याचा कुठला खांदा पडलाय, कुठली कंबर वर आहे आणि कुठला हात बोटभर लांब आहे, हे टेलरमास्तरांना कळायचं. बरं, कळलं म्हणून ते गप्प बसतील तर शपथ. तोंडावर सांगायचे. बँकेच्या मॅनेजरला त्यांनी भर दुकानात सांगितलं होतं, "साहेब, उजवा खांदा पाऊण इंच खाली आलाय. ती जड बॅग दुसऱ्या हातात धरत जा." एका नवऱ्या मुलाला सांगितलं होतं, "तुझे पाय आत वळतात, फोटोत उभा राहशील तेव्हा जरा जपून." लोक हसून घ्यायचे, कारण मास्तरांनी बेतलेली पँट अंगावर चढली की वाकडा माणूसही सरळ दिसायचा. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. दोन्ही बाजूंनी सारखा असा माणूस जन्माला आलेला नाही, असं ते म्हणायचे, आणि म्हणताना मनातल्या मनात स्वतःला वगळायचे.

हल्ली मात्र ते स्वतःचीच गोष्ट सांगतात. गिऱ्हाईक टेपखाली उभं असतं, त्याला हलता येत नाही, त्यामुळे ते ऐकून घेतं.

गोष्ट डाव्या खुब्याची. तो दुखायला लागला तेव्हा मास्तरांनी पहिला दोष दुकानाच्या फरशीला दिला. फरशी उतरती आहे, दिवसभर उतारावर उभं राहिल्यावर दुखणार नाही तर काय, असं म्हणून त्यांनी गवंडी बोलावला. गवंड्यानं पाणसळ ठेवून दाखवली. "फरशी सरळ आहे, मास्तर."

"मग तुझी पाणसळ वाकडी असेल," मास्तर म्हणाले.

त्यानंतर बुटांवर आळ आला, मग गादीवर, मग हवेवर. घरात बायको म्हणायची, "अहो, तुम्ही लंगडताय." त्यावर उत्तर तयार होतं. "लंगडत नाही. सावकाश चालतोय. या वयात धावू का?" दुकानात धाकटा भाऊ शिलाईच्या मशीनवर बसायचा आणि मास्तर कटिंगच्या टेबलाशी उभे असायचे. मास्तर टेबलाला रेलून उभे राहतात, हे भावानं पाहिलं होतं, पण तो बोलला नाही. तीस वर्षं थोरल्याच्या हाताखाली काढलेला माणूस असलं काही बोलत नाही.

पाच वर्षं हे चाललं. मग एक दिवस टाचणी खाली पडली. मास्तर ती उचलायला वाकले आणि टेबलाखालीच राहिले. भावानं आणि पँटच्या ट्रायलला आलेल्या एका अर्धवट कपड्यांतल्या गिऱ्हाइकानं मिळून त्यांना ओढून बाहेर काढलं. टाचणी मात्र त्यांनी सोडली नव्हती, हे ते अजूनही आवर्जून सांगतात.

एक्स-रे निघाला. खुब्याच्या वाटीत हाडाचा गोळा फिरतो, त्या दोन्हीमधलं अस्तर पार झिजून गेलं होतं, असं डॉक्टरांनी दाखवलं. अस्तर म्हटल्यावर मास्तरांना पटलं. अस्तर गेलं की कोट गेलाच. तरीही उठता उठता ते म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या या पांढऱ्या कोटाची डावी बाही अर्धा इंच जास्त आहे." बायकोनं कपाळाला हात लावला. डॉक्टर हसले आणि त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली.

सांधा बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना वॉकर धरून उभं केलं. अशा वेळी कोणी देवाचं नाव घेतं, कोणाला आई आठवते. मास्तर उभे राहिले, त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "डावा पाय लांब झालाय."

"असं वाटतं," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "बऱ्याच जणांना वाटतं. झिजून झिजून तुमचा पाय आखूड पडला होता, तो आता मूळच्या लांबीला आलाय. कमरेला अजून जुनीच सवय आहे. व्यायाम करा, चाला. दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडेल."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. हे वाक्य त्यांच्या फार ओळखीचं होतं. बाही ओढत असली, मानेमागे चुणी पडत असली की ते गिऱ्हाइकाच्या पाठीवरून हात फिरवून हेच सांगायचे. "घाला हो, दोन-चार वेळा घातला की अंगावर बसेल." त्यात खरं किती आणि वेळ मारून नेणं किती, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणजे डॉक्टर त्यांच्याच धंद्यातला निघाला. फरक एवढाच, की मास्तरांकडे निदान उसवायची सोय होती.

घरी आणल्यावर मास्तरांचं राज्य सुरू झालं. पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे सरकवून तो उंच केला. खुर्चीवर दोन उशा आल्या, संडासाच्या भांड्यावर उंच बैठक आली. मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकायचं नाही, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. मास्तर दिवसभर त्या उंच खुर्चीवर न्यायाधीशासारखे बसून असत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दोषी ठरवत. लोकांच्या पायांशी बसून चाळीस वर्षं मापं घेतलेल्या माणसाला स्वतःचा पायमोजा चढवता येईना. तो बायको चढवायची. त्यातही मास्तर वरून सूचना करायचे, "टाच टाचेवर येऊ दे. शिवण वाकडी जातेय."

"जाऊ द्या," ती म्हणायची. "कोणी बघत नाही."

"मी बघतोय ना."

बायको डावखुरी होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिनं दुकानात तुरपाई करायला येऊ का, म्हणून विचारलं होतं. मास्तरांनी एक पँट देऊन बघितली. टाका बारीक होता, अगदी एकसारखा, पण डाव्या हातामुळे उलट्या अंगाला कललेला. "गिऱ्हाइकाच्या लक्षात नाही आलं तरी माझ्या येतं," असं म्हणून त्यांनी ती पँट उसवली होती, तीसुद्धा तिच्यासमोरच. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. ही गोष्टही मास्तर हल्ली सांगतात. सांगताना टेप गळ्यात नीट करत राहतात.

व्यायाम शिकवायला आठवड्यातून तीनदा एक फिजिओ मुलगी घरी यायची. पहिल्याच दिवशी मास्तरांनी तिला नखशिखांत न्याहाळलं. "पिशवी उजव्या खांद्याला अडकवतेस. खांदा पडायला लागलाय."

"माझा खांदा मी बघेन, काका," ती म्हणाली. "तुम्ही पाय उचला."

मास्तरांनी त्याच दिवशी तिचं नाव हेडमास्तरीण ठेवलं. पाय बाजूला दहा वेळा उचलायचा असला की ते चौथ्या वेळेला वाद काढायचे. "पाय लांब झालाय. आधी तो बरोबर करा, मग व्यायाम. चुकीच्या कटिंगवर इस्त्री फिरवून काय होणार?"

शेवटी ती म्हणाली, "काका, आपण मोजूया." तिनं त्यांना सरळ झोपवलं, कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावली. डावा पाय मोजला, उजवा मोजला. दोन्ही सारखे.

"तुझी टेप ताणलेली आहे," मास्तर म्हणाले.

तिनं खुंटीवरची मास्तरांची टेप घेतली आणि पुन्हा मोजलं. दोन्ही सारखे.

"झोपून कधी माप घेतात का?" मास्तर म्हणाले. "पँट काय झोपून घालतात?"

मुलीनं बायकोकडे पाहिलं. बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

त्याच आठवड्यात धाकटा भाऊ आला. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. त्याला काही तरी बोलायचंय, हे मास्तरांनी ओळखलं.

"दादा, कटिंग तुंबलंय."

"तू करतोयस ना?"

"मला जमत नाही. तुला माहितीये. परवा एकाच्या पँटला दोन डावे पाय बेतले." त्यानं मान खाली घातली. "एक कटर विचारत होता. चांगला आहे. त्याला कायमचं हवंय, चार दिवसांचं काम नको. मी त्याला म्हटलं, तीन महिने थांब. दादा उभा राहिला तर प्रश्नच नाही."

"आणि नाही राहिला तर?"

भावानं खिशातून एक चिठ्ठी काढली, तिच्यावर त्या कटरचा नंबर होता. ती बघून त्यानं पुन्हा खिशात ठेवली. तो वाईट माणूस नव्हता, हेच मास्तरांना जास्त लागलं. ते टेबल त्यांनी स्वतः बनवून घेतलं होतं, आपल्या कमरेच्या उंचीचं. त्यावर उद्या दुसरं कोणी खडू चालवणार, या विचारानं त्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. टेबलापाशी उभं राहायचं, हे एकच आता त्यांच्या डोक्यात होतं. त्यासाठी व्यायाम हा सरळ रस्ता होता. मास्तरांनी अर्थातच दुसरा शोधला.

बायको बाजारात गेली होती. मास्तरांनी कपाटाच्या मधल्या फळीवरून बकरमचा तुकडा काढला. कॉलरच्या आत घालतात ते कडक कापड. उजव्या बुटाच्या आकाराचे अकरा तुकडे कापले, एकावर एक रचून कडेनं टीप मारून घेतले आणि बुटात सरकवले. उजवा पाय उंच झाला. मास्तर वॉकर धरून उभे राहिले आणि जग एका पातळीत आलं. त्यांना इतका आनंद झाला, की समोर कोणी असतं तर त्याचा खांदा वाकडा असल्याचंही त्यांनी सांगितलं नसतं.

दोन आठवडे ते तो बूट घालून घरभर फिरले. व्यायाम न करता बरं वाटत होतं, म्हणून चौथ्या वेळेचा वादही बंद झाला. आता ते पहिल्यालाच पाय खाली टेकवायचे. हेडमास्तरीण चक्रावली. एव्हाना काठीवर यायला हवं होतं, आणि हा माणूस वॉकरवरच. वर कंबर दुखायला लागली होती. मास्तर त्याचं खापर खुर्चीवरच्या उशांवर फोडायचे.

आणि मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ते अकरा थर बुटात घसरले. मास्तर वॉकरसकट डावीकडे कलंडले. बायकोनं हातातलं पातेलं टाकलं आणि त्यांना काखेत धरलं. "पडला असतात," ती म्हणाली. "नवा सांधा निखळला असता, मग काय केलं असतंत?" मास्तरांनी उंबऱ्याला दोष दिला नाही. हे क्वचितच व्हायचं.

दुसऱ्या दिवशी बायकोनं सांगितल्यावर फिजिओनं तो बूट उलटा केला. बकरमची गादी जमिनीवर पडली. तिनं ती उचलून बघितली. टीप सुरेख होती, हे तिलाही कबूल करावं लागलं असतं. "काका, हे तुम्ही शिवलंत?"

"मग काय बाहेरून शिवून आणू?"

"पाच वर्षं तुमच्या कमरेला वाकडं उभं राहायची सवय होती. ती मोडायला डॉक्टरांनी अख्खा सांधा बदलला. आणि तुम्ही ती सवय बकरम घालून जपताय." ती पहिल्यांदाच चिडली होती. "परवा तपासणी आहे. मी डॉक्टरांना कळवणार आहे."

"कळव. मीच त्यांना पुराव्यानिशी सांगणार आहे."

पुरावा कपाटात होता. राखाडी पँट. खुबा दुखायला लागला त्याच वर्षी मास्तरांनी स्वतःसाठी बेतलेली आणि स्वतः शिवलेली. कापड दुहेरी घालून दोन्ही पाय एकदम कापले होते. ते लहानमोठे होणं शक्यच नाही. त्यांनी बायकोकडून पँट चढवून घेतली, वॉकर धरून उभे राहिले आणि खाली पाहिलं. उजवा पाय बुटावर नीट टेकला होता. डावीकडे घोट्याच्या वर पायमोजा उघडा दिसत होता.

"बघ!" मास्तर ओरडले. "बघ! पाय लांब झाला की नाही? पँट तर खोटं बोलत नाही!"

बायकोनं बघितलं. तिचा चेहरा उतरला. "अहो, ही नका नेऊ. पायजमा घाला."

"पायजमा कशाला? ही माझ्या हातची आहे."

"ऐका ना जरा. मला काही सांगायचंय."

"डॉक्टरांसमोर सांग. आता तूही त्यांच्या बाजूची झालीस का?"

तिनं आणखी एकदा प्रयत्न केला, तपासणीच्या दिवशी सकाळी, बुटाची नाडी बांधताना. "त्या पँटचं ना..." ती म्हणाली. मास्तर म्हणाले, "नाडी घट्ट बांध." तिनं घट्ट बांधली.

दवाखान्यात मास्तर पायजमा घालून गेले आणि राखाडी पँट पिशवीतून नेली, कारण पुरावा अंगावर घालून नेत नाहीत. डॉक्टरांनी नवा एक्स-रे काचेवर लावला, जखम पाहिली, पाय हलवून बघितला. "सांधा छान बसलाय. पण स्नायू आखडलेत. व्यायाम कमी पडला. आणि ते बकरमचं कळलं मला." ते हसले नाहीत. "मास्तर, असंच चाललं तर काठी कायमची लागेल. दुकानात तासन्‌तास उभं राहायचं विसरा."

पण आता माघार कसली? "डॉक्टर, तुम्ही तुमचं दाखवलंत. आता माझं बघा." त्यांनी राखाडी पँट तपासणीच्या पलंगावर पसरली. बाजूला फिजिओ उभी होती, दारात एक नर्स थांबली होती. मास्तरांना गर्दी आवडली. "ही पँट मी कापली. दोन्ही पाय एकदम. यात सुताचा फरक निघाला तर मी धंदा सोडीन. ही घातली की डावा पाय वर जातो. म्हणजे काय? म्हणजे पाय वाढलाय."

मग कटर जसा पाय पायावर ठेवून जुळवतो, तसं त्यांनी केलं. कंबर कमरेला लावली, शिवण शिवणीला लावली, हात फिरवत फिरवत खाली आणला. सगळं जुळत आलं. खाली पोचल्यावर हात थांबला.

डावा पाय पाऊण इंच आखूड होता.

मास्तरांना वाटलं, आपण चुकीचं धरलंय. त्यांनी पुन्हा जुळवलं. पाऊण इंच. त्यांनी डावी दुमड उलटी केली. आत तुरपाई होती. बारीक, अगदी एकसारखी, आणि उलट्या अंगाला कललेली.

तो टाका ओळखायला मास्तरांना चष्मा लागला नाही. त्यांनी मान वर केली. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, वर्गात खोडी पकडली गेलेल्या मुलीसारखी.

"कधी?" मास्तर म्हणाले.

"डावा पाय जमिनीला घासायला लागला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "टाचेखाली येऊन कड विरायची. तुम्ही दुकानात गेलात की घेत होते वर. आधी एक सूत. मग आणखी."

"सगळ्या पँटींना?"

"सातही."

"मला सांगितलं का नाहीस?"

"लंगडताय म्हणून सांगितलंच होतं की. दहा वेळा. तुम्ही फरशी तपासायला गवंडी आणलात." तिनं पर्सची चेन उघडली आणि लावली. "तुम्ही रस्त्यानं जाणाऱ्याला सांगता, तुझा खांदा पडलाय. तुम्हाला कोण सांगणार? म्हटलं, निदान दुकानात उभे राहाल तेव्हा नीट दिसाल. लोकांना कळायला नको."

नर्स दारातून निघून गेली. फिजिओ खिडकीबाहेर बघू लागली. मास्तर त्या दुमडीवर अंगठा फिरवत राहिले. आधी त्यांना लाज वाटली, अशी, की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पाच वर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच पँटमध्ये माप कमी होत गेलं होतं आणि त्यांना, शहरभर लोकांचे खांदे मोजत फिरणाऱ्याला, पत्ता नव्हता. आणि मग लाजेच्या मागून दुसरंच काही आलं. टेप न लावता, त्यांना हात न लावता, कोणी तरी पाच वर्षं त्यांचं माप घेत होतं, आणि ते सुताइतकंही चुकलं नव्हतं.

"टाका चांगला आहे," ते म्हणाले.

"उलटा आहे," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी पँटची घडी घालून पिशवीत ठेवली. ती चुकीची घातली, पण मास्तर काही बोलले नाहीत. "काय करू आता, डॉक्टर?"

"व्यायाम," डॉक्टर म्हणाले. "करत राहा. अंगावर बसेल."

घरी आल्यावर मास्तरांनी ती बकरमची गादी स्वतःच्या हातानं उसवली, अकराच्या अकरा थर. दुसऱ्या दिवशी फिजिओ आली तेव्हा ते पलंगावर तयार होऊन आडवे झाले होते. तिनं दहा सांगितले, त्यांनी बारा केले. ती नसेल तेव्हा बायको मोजायची. ती सातनंतर मुद्दाम पुन्हा सहा म्हणायची. मास्तरांना ते कळायचं, पण ते गुपचूप पाय उचलायचे. तिसऱ्या आठवड्यात वॉकर कोपऱ्यात गेला. काठी आली. आणि एक दिवस सकाळी दात घासताना मास्तरांच्या लक्षात आलं, की आज पाय लांब वाटला नाही. कालही वाटला नव्हता बहुतेक. कधीपासून वाटत नव्हता, हे काही केल्या आठवेना. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही, कारण डॉक्टरचं खरं निघालं, हे उघड मान्य करायला त्यांना आणखी आठ दिवस लागणार होते.

सातही पँटींची डावी दुमड सोडायला हवी होती. बायको कात्री घेऊन बसली, तसे मास्तर म्हणाले, "थांब. ते मी करतो." त्यांनी जेवणाच्या टेबलाशी उभं राहून एकेक टाका काढला. राखाडी पँटची दुमड उघडली तेव्हा आत तीन रेघा होत्या, एकीखाली एक, प्रत्येक वेळी कापड दुमडलं होतं तिथं. सगळ्यात खालची सगळ्यात जुनी. त्यांनी पाणी मारून इस्त्री केली. आणखी पाणी मारून पुन्हा केली. रेघा गेल्या नाहीत. इतक्या दिवसांची घडी, ती जाणार कुठे?

"नवी शिवा," बायको म्हणाली.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "आता खालची तुरपाई तू घाल."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, ते खरंच म्हणताहेत ना हे बघायला. मग सुई मागितली, डाव्या हातात.

तीन महिने पुरे व्हायला दोन दिवस होते, तेव्हा मास्तर दुकानात गेले. राखाडी पँट घालून गेले. भावानं टेबलावरचं सगळं आवरून ठेवलं होतं, नवा खडू काढला होता, मागे एक उंच स्टूल ठेवलं होतं. मास्तरांनी काठी टेबलाच्या कडेला टांगली आणि उभे राहिले. फरशी सरळ होती. त्यांनी कापड दुहेरी घातलं, हातानं सपाट केलं, आणि पहिली रेघ ओढली. भावानं खिशातली चिठ्ठी काढली, तिचे चार तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. त्या दिवशी मास्तर अर्धा तास उभे राहिले, अर्धा तास स्टुलावर बसले. डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं होतं, आणि हल्ली ते सांगितलेलं ऐकत होते.

दुसऱ्या आठवड्यात बँकेचे मॅनेजर कोट टाकायला आले. माप देता देता त्यांची नजर खाली गेली. "मास्तर, तुमच्या पँटला डाव्या पायाला रेघा कसल्या?"

भावाचं मशीन थांबलं. मास्तरांच्या कपड्यावर बोट दाखवायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती.

"माझं माप आहे ते," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. पाणसळीपासून बकरमपर्यंत, डॉक्टरसमोर पँट पसरून स्वतःची शोभा करून घेतली तिथपर्यंत. मॅनेजर हसून हसून हलायला लागले, तेव्हा मास्तरांनी त्यांना दटावलं, "हलू नका, माप चुकेल." सांगता सांगता ते खांद्यावर आले. उजवा खांदा आता पाऊण इंच नव्हता, पुरता एक इंच खाली आला होता. मास्तरांच्या जिभेवर वाक्य आलं. त्यांनी ते गिळलं आणि चिठ्ठीवर बारीक अक्षरांत लिहिलं, उजव्या खांद्यात कापसाचे दोन थर जास्त. तो भाग त्यांनी स्वतः शिवला. कोटाच्या अस्तराची तुरपाई मात्र घरी पाठवली.

ट्रायलच्या दिवशी मॅनेजर आरशासमोर उभे राहिले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "काय हो मास्तर, मागे तुम्ही म्हणाला होतात, माझा एक खांदा पडलाय. या कोटात तर दोन्ही अगदी सारखे दिसताहेत."

मशीनवर भावाला जोराचा खोकला आला.

"तेव्हा माझीच नजर वाकडी होती, साहेब," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी कॉलर हातानं सारखी केली. "तुमचे खांदे सारखेच आहेत."